गल्ल्यावरची नवलाई

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अर्धा किलो साखर ठेवली की काट्याच्या पोटातला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा वाकतो. केसाच्या जाडीचाही जेमतेम काही भाग, पण वाकतो. काटा त्या ठोकळ्याचे वाकणे मोजतो आणि त्यावरून साखरेच्या वजनाचा आकडा मांडतो. साखरेशी त्याची थेट ओळख कधी होतच नाही.

दुकानाच्या गल्ल्यावर मांडलेल्या बहुतेक यंत्रांची हीच गंमत आहे. ती जे करताना दिसतात ते करत नसतात. बिलाच्या यंत्रात शाई नसते. क्यूआर कोड पैसे घेत नाही. आणि ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ असे खणखणीत ओरडणाऱ्या डबीचा त्या पन्नास रुपयांशी काडीचा संबंध नसतो. नवे दुकान थाटणारा माणूस यादी घेऊन बाजारात जातो तेव्हा त्याला किंमत सांगतात, वॉरंटी सांगतात, ‘सगळे हेच नेतात’ असेही सांगतात. यंत्र आत काय करते ते कोणी सांगत नाही. ते कळले तर कोणते घ्यावे याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते, आणि वर फुकटचे आश्चर्य.

काट्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्या पोटात सर्वांत जास्त नवल भरलेले आहे.

त्या ठोकळ्याला लोड सेल म्हणतात. त्याच्या मधोमध दोन भोके एकमेकांना जोडून पाडलेली असतात, त्यामुळे वरखाली मिळून चार ठिकाणी धातू पातळ उरतो. ताटलीवर भार पडला की ताण या चार जागांवर येतो. त्या प्रत्येक जागी नागमोडी तारेची एक बारीक पट्टी चिकटवलेली असते. तार ताणली की लांब आणि बारीक होते, तिच्यातून वीज जायला किंचित जास्त अडथळा होतो. दाबली की उलट. दोन पट्ट्या ताणल्या जातात, दोन दाबल्या जातात. या चौघींना एका चौकोनी मंडलात जोडतात. ही जोडणी सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती लोकांसमोर आणली, म्हणून नाव व्हीटस्टनचे झाले. चौघींमध्ये समतोल असेपर्यंत मंडलाच्या दोन टोकांत दाब शून्य. साखर पडली, समतोल ढळला, की तिथे इवलासा विजेचा दाब उमटतो.

किती इवलासा? तीस किलोच्या साध्या काट्याच्या लोड सेलला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण तीस किलोला सुमारे दहा मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे पाच ग्रॅमला दोन मायक्रोव्होल्टही नाहीत. टॉर्चमधल्या साध्या पेन्सिल सेलचा दाब याच्या सुमारे नऊ लाख पट असतो. इतके क्षीण कुजबुजणे पंख्याच्या, फ्रिजच्या, रस्त्यावरच्या गोंगाटातून वेचून त्याचा आकडा करणारी एक छोटी चिप आत असते, आणि तिची किंमत चहा-वड्याच्या घरात असते. हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी दुकानात उभ्या उभ्या काट्याकडे आदराने पाहिले. दुकानदाराला वाटले, मला वजनाबद्दल शंका आहे.

ती चिकटपट्टी, म्हणजे स्ट्रेन गेज, १९३८ मध्ये अमेरिकेत दोघांना स्वतंत्रपणे सुचली: कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांना आणि एमआयटीमध्ये आर्थर रूझ यांना. रूझ यांच्यासमोर प्रश्न होता तो भूकंपात उंच पाण्याच्या टाक्यांवर येणाऱ्या ताणाचा. एमआयटीच्या पेटंट समितीला या शोधात फारसा धंदा दिसला नाही, म्हणून हक्क त्यांनी रूझ यांनाच देऊन टाकले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक दुकानात तो धंद्यालाच बसला आहे.

जुना तराजू आणि हा काटा यांच्यात एक मूलभूत फरक आहे, आणि तो भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तराजू एका पारड्यातल्या मालाची दुसऱ्या पारड्यातल्या वजनाशी तुलना करतो. पृथ्वी दोघांनाही सारखेच ओढते, म्हणून तराजू चंद्रावर नेला तरी किलोभर साखर किलोभरच भरेल. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र ओढच मोजतो. चंद्रावर तो किलोला सहावा हिस्सा दाखवील. चंद्र राहू द्या; पृथ्वीवरसुद्धा विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर ओढ अर्ध्या टक्क्याने जास्त आहे. मुंबईत जुळवलेला काटा तसाच उचलून लंडनला नेला तर तो दर किलोमागे अडीच ग्रॅम जास्त दाखवील. मुंबई ते पुणे एवढ्या अंतरात फरक नगण्य आहे, पण तत्त्व तेच: काटा जिथे वापरायचा तिथे तपासलेला असावा.

आपल्याकडे कायदाही हेच धरून आहे. वैधमापन कायदा २००९ चा, अमलात आला २०११ मध्ये. त्याखाली दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावे लागते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा घरगुती वजनकाटा दिसायला सारखाच असतो. त्या मॉडेलला मान्यता नसेल तर त्यावर शिक्का बसत नाही, आणि शिक्क्याशिवाय त्यावर विक्री करता येत नाही. दोन-चारशे रुपये वाचवायला गेलेला माणूस इथे फसतो.

काटा घेताना माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या अंगावरच लिहिलेली असते आणि कोणी वाचत नाही. छोट्या पाटीवर तीन आकडे असतात: ‘मॅक्स’, ‘मिन’ आणि ‘ई’. समजा मॅक्स ३० किलो आणि ई ५ ग्रॅम आहे. ई म्हणजे काटा ज्या पायऱ्यांनी वजन मोजायला बांधील आहे ती पायरी. दुकानी वर्गाच्या काट्याला मिन या पायरीच्या वीसपट असते, म्हणजे इथे १०० ग्रॅम. त्याखालचे वजन या काट्यावर करूच नये, असे काटा स्वतःच सांगतो आहे. का, ते हिशेबाने पाहा. पडताळणीच्या वेळी अडीच किलोपर्यंतच्या वजनात या काट्याला अर्ध्या पायरीची, म्हणजे अडीच ग्रॅमची चूक माफ असते. वापरात असताना दुप्पट, पाच ग्रॅमची. वीस किलो तांदळात पाच ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पन्नास ग्रॅम वेलदोड्यात पाच ग्रॅम म्हणजे दहावा हिस्सा. वेलदोडा किलोला तीन हजार धरला तर एका पुडीमागे पंधरा रुपये, कधी तुमच्या खिशातून, कधी गिऱ्हाइकाच्या. काटा पूर्ण कायदेशीर, दुकानदार पूर्ण प्रामाणिक, आणि तरी मापात पाप.

म्हणून ‘मोठा घ्या, सगळे बसेल’ हा सल्ला मला पटत नाही. पोत्याचा माल उचलणाऱ्याला मोठा काटा हवाच. पण ज्याची विक्री पाव किलो ते पाच किलोंत फिरते त्याने दहा किलोचा, एका ग्रॅमच्या पायरीचा काटा पाहावा. केशर-वेलदोडा-जायफळ विकणाऱ्याने त्यासाठी वेगळा छोटा काटा ठेवावा. आणि कोणत्याही काट्यावर पन्नास किलोचे पोते धाडकन टाकू नये. ॲल्युमिनियम ठराविक मर्यादेपर्यंत वाकून सरळ होते. त्यापुढे वाकले की वाकलेच राहते, आणि काटा त्या दिवसापासून रिकामा असतानाही काहीतरी सांगायला लागतो.

आता बिलाचे यंत्र. आत शाई नाही, रिबन नाही, टोनर नाही; काळे होण्याची सगळी तयारी कागदातच आहे. कागदाच्या एका बाजूवर रंगहीन रंगद्रव्य आणि सौम्य आम्लासारखे काम करणारे दुसरे द्रव्य, दोन्ही कोरडे आणि शेजारी शेजारी, पसरलेले असतात. उष्णता लागली की ती वितळतात, एकमेकांत मिसळतात, रंगद्रव्याच्या रेणूतले एक कडे उघडते आणि तो रेणू काळा दिसू लागतो. यंत्राच्या डोक्यावर एका ओळीत बारीक बारीक तापणारे ठिपके असतात, एका मिलिमीटरमध्ये आठ. ५८ मिलिमीटरच्या रोलवर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, म्हणजे ३८४ ठिपके. कागद सरकत असतो आणि ठिपके क्षणात तापत, क्षणात निवत असतात. तुमच्या दुकानाचे नाव, तूरडाळ, जीएसटी, ‘पुन्हा भेट द्या’, सगळे भाजून निघते. या थर्मल छपाईचे श्रेय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांना दिले जाते. त्याच किल्बींना इंटिग्रेटेड सर्किटच्या शोधातल्या वाट्याबद्दल २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

रोल उलटा बसला तर बिल कोरे निघते आणि नव्या मालकाला यंत्र बिघडले असे वाटते. कागदावर नख जोरात ओढून पाहावे. घर्षणाच्या उष्णतेने ज्या बाजूवर काळी रेघ उठेल ती छपाईची बाजू.

मात्र ही रासायनिक जवळीक कायमची नसते. ऊन, तेलाचा हात, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातून सुटणारी मऊपणाची द्रव्ये तिला मोडतात, आणि बिल पांढरे पडते. गिऱ्हाइकाला दिलेले बिल पुसट झाले तर फारसे बिघडत नाही. पण घाऊक व्यापाऱ्याकडून आलेले खरेदीचे बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवावा; कारण जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायची आहेत, आणि तो कागद इतका टिकेल याची खात्री नसते. छापायचे काय यावर रोलची रुंदी ठरवावी. चार ओळींच्या बिलाला ५८ मिलिमीटर पुरतात, यंत्र लहान, बॅटरीवर चालणारे. जीएसटीचे रकाने मांडायचे असतील तर ८० मिलिमीटर घ्यावे, नाहीतर गिऱ्हाईक डोळे बारीक करून बसते.

बारकोडबद्दल थोडक्यात, कारण छोट्या दुकानाला तो वाटतो तितका लगेच लागत नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचे पाकीट पहिल्यांदा स्कॅन झाले. आपल्याकडच्या पाकिटांवर जे तेरा आकडे दिसतात त्यांची सुरुवात बहुधा ८९० ने असते. त्याचा अर्थ माल भारतात बनला असा नव्हे. कंपनीने भारतातल्या जीएस-१ संस्थेकडून क्रमांक घेतला, एवढाच. मला भावतो तो शेवटचा, तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. पहिल्याला एकने गुणा, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला एकने, असे करत बेरीज करा: १३० येते. पुढच्या पूर्ण दशकापर्यंत जे कमी पडेल तो तेरावा आकडा, इथे शून्य. स्कॅनरने एकही आकडा चुकीचा वाचला तर हा हिशेब जुळत नाही आणि तो गप्प राहतो, ‘पीप’ करत नाही. घरी बिस्किटाच्या पुड्यावर करून पाहण्यासारखे आहे.

पण सुट्या साखरेला, शेंगदाण्याला, पोह्याला बारकोड नसतो. आणि स्कॅनर फक्त तो क्रमांक वाचतो. किंमत त्याला ठाऊक नसते. हजार वस्तूंची नावे आणि भाव आधी कोणीतरी बसून संगणकात भरावे लागतात, आणि भाव बदलला की पुन्हा. ते काम करायला घरात माणूस नसेल तर स्कॅनर शोभेचा. घ्यायचाच तर कॅमेऱ्यासारखे चित्र टिपणारा घ्यावा; साधा लेझरवाला कागदावरच्या पट्ट्या छान वाचतो, पण गिऱ्हाइकाने मोबाइलच्या पडद्यावर कोड दाखवला की हात टेकतो.

क्यूआर कोड मात्र माझा लाडका. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, मोटारीच्या सुट्या भागांची मोजदाद सोपी व्हावी म्हणून. तिथे काही खोक्यांवर दहा-दहा बारकोड चिकटवावे लागत. काळ्यापांढऱ्या चौकटींची कल्पना हारांना ‘गो’ या पटावरच्या खेळातून सुचली. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढा, काळे-पांढरे-काळे-पांढरे-काळे यांचे प्रमाण नेहमी १:१:३:१:१ येते. छापील मजकुरात हे प्रमाण सर्वांत दुर्मीळ आहे, हे त्या मंडळींनी ढीगभर कागद तपासून शोधले, आणि म्हणून कॅमेऱ्याला गर्दीतही कोड पटकन सापडतो. शिवाय कोडमध्ये मजकुराबरोबर दुरुस्तीचे गणितही भरलेले असते. निवडलेल्या पातळीप्रमाणे सात ते तीस टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यातून पूर्ण मजकूर परत उभा करता येतो. हळदीचा डाग पडलेला, कोपरा फाटलेला कोड चालतो तो यामुळे. कंपनीने पेटंट असूनही इतरांना तो मोफत वापरू दिला, म्हणून तो आपल्या भाजीवाल्या मावशींपर्यंत पोहोचला.

गल्ल्यावर चिकटवलेल्या कोडात तुमच्या खात्याचा यूपीआय पत्ता आणि नाव असते, बाकी फारसे काही नाही. तो वीज मागत नाही, नेट मागत नाही, आणि पैसे आले की नाही हे त्याला कधीच कळत नाही. गिऱ्हाइकाचा फोन तो पत्ता वाचतो, त्याच्या बँकेला सांगतो, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून निरोप तुमच्या बँकेत जातो. ही यंत्रणा २०१६ ची, आणि १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. म्हणजे दुकानातले सर्वांत हुशार यंत्र हा एक छापील कागद आहे. त्याच्यावर रात्रीतून दुसऱ्याचा कागद चिकटवला तरी तो तक्रार करणार नाही. सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या फोनने एकदा स्कॅन करून नाव आपलेच येते ना, हे पाहण्याची सवय म्हणूनच चांगली.

कोड मुका आहे, म्हणून बोलकी डबी आली. तिच्या पोटात सिम कार्ड असते. पैसे जमा झाल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरकडून मोबाइल नेटवर्कवरून तिच्यापर्यंत येतो आणि ती तो वाचून दाखवते. साध्या डबीत आवाजाचे तुकडे आधीच साठवलेले असतात आणि ते जोडून वाक्य होते. इंग्रजीत एक ते नव्व्याण्णव बोलायला सत्तावीस तुकडे पुरतात: एकोणिसापर्यंतचे आकडे आणि आठ दशके. मराठीत तसे जमत नाही. सत्तेचाळीस वेगळे, सत्तावन्न वेगळे, सदुसष्ट आणखी वेगळे. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव ध्वनिमुद्रित करायचे. शाळेत पाढ्यांनी आपल्याला दिलेला त्रास त्या कंपनीच्या इंजिनिअरांनाही झाला असणार, या विचाराने मला थोडे बरे वाटते.

डबी निवडताना रंग आणि आवाज यांपेक्षा एकच प्रश्न मोठा: तिच्यातल्या सिमचे नेटवर्क तुमच्या दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात येते का? जाड दगडी भिंतींच्या जुन्या पेठेतल्या दुकानात निरोप उशिरा येतो आणि तोवर गिऱ्हाईक दाराबाहेर गेलेले असते. दुसरी मर्यादा बहुतेक मॉडेलांत असतेच. डबी बहुधा रक्कम सांगते, देणारा कोण ते सांगत नाही. दोघे एकदम पन्नास-पन्नास रुपये देणार असतील आणि डबी एकदाच बोलली, तर कोणाचे आले हे फोनमध्येच पाहावे लागते. आणि मासिक भाडे आहे, हे विसरू नये. आपल्या रोजच्या यूपीआय विक्रीशी ते ताडून पाहावे.

विजेचे एक गणित मला फार आवडते. वीज जाते म्हणून लोक मोठी बॅटरी घ्यायला निघतात. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज मावते. नुकसान आणि बॅटरीचे आयुष्य धरून त्यातली १.२ युनिट वापरावी. दुकानात दोन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, आणि दिवे, राउटर, प्रिंटर मिळून ८० वॉट असतील तर ही बॅटरी पाच तास जाते. पंखे बदलून ३० वॉटचे बीएलडीसी बसवले तर तीच बॅटरी साडेआठ तास जाते. साधी मोटार बरीच वीज स्वतःलाच तापवण्यात घालवते. बीएलडीसीत फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात, आणि विजेचे प्रवाह कधी, कोणत्या वेटोळ्यात सोडायचे हे एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवते. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले की वर्षाला जवळजवळ १९७ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर दोन हजारांच्या जवळ. पंखा कोणी ‘गॅजेट’ म्हणून विकत नाही, पण यादीत मी त्याला स्कॅनरच्या वर ठेवीन.

राहिले बिलाचे सॉफ्टवेअर आणि उधारीची वही. वहीला पासवर्ड नसतो, ती अपडेट मागत नाही आणि उधारी घेणाऱ्याच्या समोर उघडली की त्याला आकडा मान्य करावाच लागतो. ती घाईने काढून टाकू नये. सॉफ्टवेअर दाखवायला माणूस दुकानात आला की त्याला आधी वायफाय बंद करून एक बिल काढून दाखवायला सांगावे. मग सगळ्या गिऱ्हाइकांची आणि त्यांच्या बाकीची यादी एक्सेलमध्ये बाहेर काढून पेनड्राइव्हवर द्यायला सांगावी. दोन्ही त्याने तिथल्या तिथे केले, तर किंमत विचारावी.